ख्रिस्ती उपवासाचा जुना विधि : तीन ग्रंथ व त्यांच्या पोथ्या

व्रतवैकल्यांच्या पोथ्या आपल्या संग्राहकांच्या हातीं नेहमींच येतात. तिथि कोणती, आहार कोणता, पारणें केव्हां, उद्यापनांत दान काय द्यावें, हें त्यांत ओळीनें लिहिलेलें असतें. आणि इतिहासाचा अभ्यासक बहुधा त्या बाजूस सारून सनदापत्रांकडे वळतो. आमच्या मतें ही घाई होय. विधीच्या एका ओळींतून लोकांची राहणी जितकी उघड होते तितकी पुष्कळदां राजपत्रांतूनहि होत नाहीं. हें दाखविण्यास आम्हीं मुद्दाम दूरचें उदाहरण घेतलें आहे. ख्रिस्ती मंडळींत उपवास कोणत्या दिवशीं, कसा आणि कशासाठीं करावा, हें ज्यांवरून कळतें असे तीन फार जुने ग्रंथ आहेत. दोनशें वर्षांपूर्वीं त्यांपैकीं दोन विद्वानांस केवळ नांवानें ठाऊक होते व तिसरा लॅटिन भाषांतरावरून. ते हातीं कसे आले आणि त्यांवरून काय सिद्ध होतें, हें येथें सांगावयाचें आहे.

प्रश्न असा. ख्रिस्ती उपवास हा मुळांत वार पाळण्याचा व अन्न वर्ज्य करण्याचा विधि होता, आणि वांचलेलें अन्न गरिबास द्यावें ही गोष्ट पुढील काळांतील उपदेशकांनीं त्यास जोडली, असें मानण्याकडे वाचकाचें मन सहज झुकतें. रोमचा बिशप लिओ (इ. स. ४४० ते ४६१) याच्या व्याख्यानांत या दानाचा उपदेश वारंवार येतो, त्यामुळें या समजास बळकटीहि येते. परंतु पोथ्यांची साक्ष निराळी आहे.

१

पहिला ग्रंथ ‘डिडाखे’, म्हणजे ‘शिकवण’. बारा प्रेषितांची शिकवण असें त्याचें पूर्ण नांव. चवथ्या शतकांतील इतिहासकार युसेबिअस व अलेक्झांड्रियाचा बिशप अथानेशिअस यांनीं या नांवाच्या पुस्तकाचा उल्लेख केला असल्यामुळें असा कांहीं ग्रंथ होता इतकें माहीत होतें. १८७३ सालीं कॉन्स्टँटिनोपल येथें, जेरुसलेमच्या धर्मपीठाच्या ताब्यांतील मठाचा ग्रंथसंग्रह पाहतांना, फिलोथेऑस ब्रुएन्निऑस या ग्रीक विद्वानास १२० पत्रांची एक चर्मपत्राची पोथी आढळली. तींत एकच ग्रंथ नाहीं. आरंभीं ख्रुसोस्तोमच्या नांवावर असलेला बायबलाचा सारांश, मग बार्नबासचें पत्र, क्लेमेंटचीं दोन पत्रें, हिब्रू ग्रंथनामांची यादी, त्यामागून ‘डिडाखे’, आणि शेवटीं इग्नेशिअसच्या नांवाचीं पत्रें, असा हा संग्रह आहे. ‘डिडाखे’च्या वांट्यास त्यांतील अवघीं पांच पत्रें आलीं आहेत.

पोथीच्या शेवटीं लेऑन नांवाच्या लेखनिकानें, आपणांस पापी म्हणवून घेऊन, लेखन पुरें केल्याची मिति दिली आहे. तीं अक्षरें ११ जून, जगदुत्पत्तीचें वर्ष ६५६४, अशीं आहेत. या गणनेंतून ५५०८ वजा केले म्हणजे इ. स. १०५६, अर्थात् शके ९७८ येतें. मूळ ग्रंथ पहिल्या शतकाच्या अखेरचा किंवा दुसऱ्याच्या आरंभाचा मानतात. म्हणजे ग्रंथ व ही प्रत यांच्यामध्यें सुमारें साडेनऊशें वर्षांचें अंतर आहे.

येथें संग्राहकांनीं एक गोष्ट ध्यानांत घ्यावी. ब्रुएन्निऑसनें १८७५ सालीं प्रथम क्लेमेंटचीं पत्रें छापलीं आणि त्या ग्रंथांत पोथींतील लेखांची यादीहि दिली. ‘डिडाखे’ मात्र प्रसिद्ध झाला तो १८८३ सालीं. मध्यंतरींचीं आठ वर्षें जो ग्रंथ सर्वांत मोलाचा तोच यादींतील एक नांव होऊन राहिला. बाडाच्या पहिल्या लेखावरून बाडाची परीक्षा करूं नये, याला याहून चांगला दाखला आम्हांस ठाऊक नाहीं.

आतां ग्रंथांतील विधि पाहूं. उपवासाचा विषय त्यांत तीन ठिकाणीं आला आहे. पहिल्या प्रकरणांत, जे आपला छळ करतात त्यांच्यासाठीं उपवास करावा, असें सांगितलें आहे. सातव्यांत बाप्तिस्म्याचा विधि आहे. तेथें बाप्तिस्मा घेणाऱ्यानें आधीं एक किंवा दोन दिवस उपवास करावा, देणाऱ्यानेंहि करावा, आणि इतरांपैकीं ज्यांना झेपेल त्यांनीं करावा, अशी योजना आहे. झेपेल त्यांनीं, ही सवलत ग्रंथकारानें स्वतः घातली आहे, हें विसरूं नये. आठव्या प्रकरणांत आठवड्याचा नियम येतो. दांभिक लोक आठवड्याच्या दुसऱ्या व पांचव्या दिवशीं उपवास करतात. तुम्ही चवथ्या दिवशीं व सिद्धतेच्या दिवशीं करावा, असा त्याचा आशय आहे. सिद्धतेचा दिवस म्हणजे शब्बाथाच्या तयारीचा दिवस, शुक्रवार.

हे वार लावतांना भाषांतरकारानें सावध असलें पाहिजे. ग्रीक लेखांत वारांस ग्रहांचीं नांवें नाहींत. रविवार पहिला धरून केवळ क्रमांक आहेत. ‘दुसरा दिवस’ असें शब्दशः उतरल्यास आपला वाचक द्वितीया समजेल, किंवा उपवासाच्या मागून येणारा दिवस समजेल. तो सोमवार होय. पांचवा तो गुरुवार आणि चवथा तो बुधवार. ज्यांनीं गोव्याकडील पोर्तुगीज कागद पाहिले आहेत त्यांस ही रीत नवी वाटणार नाहीं, कारण पोर्तुगीज भाषेंत सोमवार ते शुक्रवार हे वार अजूनहि दुसऱ्या, तिसऱ्या अशा क्रमांकांनींच ओळखले जातात.

सोमवार व गुरुवार हे आपल्याकडेहि उपासाचे वार आहेत, त्यावरून कोणी संबंध जोडूं पाहील तर तो व्यर्थ होय. यहुदी लोकांत हे वार ठरण्याचीं कारणें त्यांच्याच समाजांत आहेत. मिश्ना ग्रंथांत पावसासाठीं करावयाचे सार्वजनिक उपवास सोमवार, गुरुवार व पुनः सोमवार असे सांगितले आहेत. याच वारीं धर्मशास्त्राचें वाचन होई व बाजार भरे. लूकच्या शुभवर्तमानांतील परूशीहि आठवड्यांतून दोनदां उपवास करतो. तेव्हां ‘डिडाखे’चा लेखक उपवासाची संख्या बदलीत नाहीं, दोनचे दोनच राहतात, फक्त वार बदलतात. शेजारीं नांदणाऱ्या दोन मंडळ्यांनीं एकमेकींपासून निराळें दिसावें, एवढाच त्यांतला हेतु आहे. ‘दांभिक’ हा शब्द त्या शेजारभांडणांतला आहे. सबंध यहुदी समाजावरील निर्णय म्हणून तो वाचूं नये.

बुधवार व शुक्रवार यांचें कारण ‘डिडाखे’ देत नाहीं. तें कारण आपणांस सुमारें इ. स. ३८० च्या, सीरिया प्रांतांत रचलेल्या, ‘प्रेषितांचे निर्बंध’ या मोठ्या संग्रहांत मिळतें. त्याच्या सातव्या भागांत ‘डिडाखे’ जवळजवळ सबंध घेतला असून त्यांत भर घातली आहे. बुधवारीं यहूदानें पैशाच्या लोभानें गुरूस धरून देण्याचें कबूल केलें आणि शुक्रवारीं ख्रिस्तानें मरण सोसलें, म्हणून हे दोन वार, असें तेथें म्हटलें आहे. नियम आधीं व कथा मागाहून, हा क्रम आपल्या व्रतकथांच्या अभ्यासकांस परिचयाचाच आहे. दुसरा लाभ असा कीं, लेऑनची प्रत अकराव्या शतकांतील असली तरी तींतील नियम चवथ्या शतकांत याच शब्दांच्या आसपास वाचले जात होते, हें या संग्रहानें सिद्ध होतें.

२

दुसरा ग्रंथ हर्मासचा ‘मेंढपाळ’. हा रोम येथें दुसऱ्या शतकांत लिहिला गेला. मिलान येथील ग्रंथालयांत मुरातोरी यास सांपडलेल्या व त्यानें १७४० सालीं छापलेल्या एका प्राचीन यादींत असें म्हटलें आहे कीं, हर्मासचा भाऊ पायस रोमच्या गादीवर असतांना हें पुस्तक लिहिलें गेलें. त्यावरून त्याचा काळ इ. स. १४० ते १५५ च्या सुमारास येतो.

याचें लॅटिन भाषांतर १५१३ सालीं पॅरिस येथें छापलें होतें. ग्रीक मूळ मिळालें तें एका कुप्रसिद्ध माणसाच्या हातून. कॉन्स्टंटाइन सिमोनिडीस यानें १८५५ सालीं आथोस पर्वतावरील एका पोथीचीं तीन मूळ पत्रें व आणखी सहा पत्रांची नक्कल लाइप्झिग येथें आणून विकली. हा गृहस्थ बनावट ग्रंथ करण्यांत निष्णात होता. नकलेंतहि त्यानें हात चालविला होता, व छापलेला पाठ पुढें दुरुस्त करावा लागला. तथापि मूळ पत्रें खरीं होतीं. स्पिरिदोन लाम्ब्रोस यास १८८० सालीं आथोसवरील ग्रेगोरिऊ मठांत राहिलेलीं सहा पत्रें मिळालीं, आणि मग नक्कल व मूळ ताडून पाहतां आलें. विकणारा लबाड आहे म्हणून कागद टाकून देणें आणि कागद खरा आहे म्हणून विकणाऱ्याच्या नकलेवर विसंबणें, या दोन्ही चुका या एका प्रकरणांत टाळावयास शिकतां येतात. १९३४ सालीं कॅम्बेल बॉनर यानें मिशिगन विद्यापीठांतील तिसऱ्या शतकाचें पपायरसचें पुस्तक प्रसिद्ध केलें. त्यांत दुसऱ्या ते नवव्या दृष्टांतांचा भाग आहे. उपवासाचा प्रसंग पांचव्या दृष्टांतांत असल्यामुळें, या विषयापुरता तरी आपला आधार आतां मूळ ग्रंथाच्या पुष्कळ जवळ गेला आहे.

प्रसंग असा आहे. हर्मास एका डोंगरावर उपवास धरून ईश्वराचे आभार मानीत बसला आहे. मेंढपाळाच्या वेषांतील देवदूत त्याच्याजवळ येऊन, इतक्या सकाळीं येथें कां, असें विचारतो. हर्मास उत्तर देतो कीं, आज माझी ‘स्टेशन’ आहे. हा लॅटिन शब्द शिपायाच्या पहाऱ्याचा होय. तर्तुल्लियननेंहि तो लष्करी दृष्टांतावरूनच आला असें म्हटलें आहे. उपवास म्हणजे चौकीवर उभें राहणें, ही त्या लोकांची कल्पना. आपल्या ‘उपवास’ शब्दांत जवळ राहण्याचा अर्थ आहे, त्यांच्यांत जागेवर राहण्याचा. आणि दोहोंतहि जेवणाचें नांव नाहीं.

देवदूत मात्र त्या उत्तरानें संतुष्ट होत नाहीं. तुला उपवास कसा करावा हें ठाऊकच नाहीं, अशा आशयाचें तो बोलतो, आणि दुष्कर्मापासून दूर राहणें, शुद्ध मनानें सेवा करणें व आज्ञा पाळणें हा पहिला उपवास म्हणून सांगतो. मग द्राक्षमळ्याचा दृष्टांत येतो. धन्यानें चाकरास मळ्यास कुंपण घालावयास सांगितलें. चाकरानें कुंपण घातलें आणि वर आपण होऊन तणहि काढलें. धनी प्रसन्न झाला. पुढें धन्यानें मेजवानींतील पक्वान्नें चाकराकडे पाठविलीं, तेव्हां त्यानें आपल्यापुरतें ठेवून बाकीचें सोबतच्या चाकरांस वांटलें. आज्ञा पाळणें हें कुंपण, आणि उपवास हें आज्ञेपलीकडचें, स्वखुषीचें काम, असा या दृष्टांताचा एक अर्थ आहे.

यानंतर जो विधि येतो तो आमच्या विषयाचें मर्म होय. आधीं वाईट बोलणें व वाईट वासना यांपासून मन स्वच्छ करावें. उपवासाच्या दिवशीं भाकर व पाणी यांखेरीज कांहीं घेऊं नये. त्या दिवशीं आपण जें जेवलों असतों त्याचा खर्च किती झाला असता याचा हिशेब करावा, आणि तितकी रक्कम विधवेस, पोरक्यास किंवा गरजवंतास द्यावी. हें सर्व आपल्या मुलाबाळांसह व घरच्या मंडळींसह पाळावें.

हा विधि वाचतांना घरखर्चाची कीर्द डोळ्यांपुढें येते. उपवास करणारास आपल्या एका दिवसाच्या जेवणाची किंमत ठाऊक असली पाहिजे. श्रीमंताच्या ताटाची किंमत मोठी, तेव्हां त्याचें देणेंहि मोठें, गरिबाचें थोडें. कोणास किती द्यावें हें सांगण्यास निराळें कोष्टक लागत नाहीं. आणि उपवासानें घरांत पैसा सांठविण्याची वाट बंद होते, कारण जें वांचलें तें त्याच दिवशीं दुसऱ्याचें झालें.

३

तिसरा ग्रंथ अथेन्सच्या अरिस्टायडीसचा, रोमन बादशहास उद्देशून लिहिलेला ख्रिस्ती धर्माचा कैफियतवजा लेख. तो दुसऱ्या शतकाच्या पूर्वार्धांतील. युसेबिअस त्याचें नांव घेतो, परंतु ग्रंथ नष्ट झाला असेंच सर्व मानीत. व्हेनिस येथील आर्मेनियन मठवासीयांनीं १८७८ सालीं त्याचा एक आर्मेनियन तुकडा छापला. १८८९ सालीं जे. रेंडेल हॅरिस यास सिनाई पर्वतावरील सेंट कॅथेरीनच्या मठांत सबंध ग्रंथाचें सीरियन भाषांतर मिळालें. हॅरिसचें काम छपाईंत असतांनाच जे. आर्मिटेज रॉबिन्सन याच्या ध्यानांत आलें कीं, या लेखाचा ग्रीक पाठ शेंकडों वर्षें लोकांच्या डोळ्यांसमोर आहे. ‘बार्लाम व जोसाफत’ या प्रसिद्ध कथेंत एका वादसभेच्या प्रसंगीं नाखोर नांवाच्या पात्राच्या तोंडीं तोच लेख भाषण म्हणून घातला होता. १८९१ सालीं दोन्ही पाठ एकत्र प्रसिद्ध झाले.

या ठिकाणीं आपल्या देशाचा संबंध येतो, आणि तो ओढून आणलेला नाहीं. बार्लाम व जोसाफत यांची कथा म्हणजे राजपुत्र सिद्धार्थाची कथा होय. ‘बोधिसत्त्व’ हें नांव अरबींत ‘बूदासफ’ झालें. त्या लिपींत ‘ब’ व ‘य’ यांत एका नुक्त्याचाच फरक असल्यामुळें तें ‘यूदासफ’ झालें. जॉर्जियन भाषेंत ‘इओदासफ’, ग्रीकांत ‘इओआसफ’ व लॅटिनांत ‘जोसाफत’ झालें. मोडी कागद वाचणारास अशा घसरगुंडीचें नवल वाटूं नये. पोर्तुगीज बखरकार दिओगो दो कोउतो यानें आपल्या पांचव्या दशकांत लिहून ठेविलें आहे कीं, साष्टी बेटांतील कान्हेरीचीं लेणीं कोणीं कोरलीं असें एका वृद्धास विचारतां, संत जोसाफताच्या बापानें मुलास एकांतांत वाढविण्यासाठीं तीं करविलीं असें त्यानें सांगितलें. बुद्ध व जोसाफत हे एकच असावे, हें कोउतोच्या ध्यानांत आलें होतें. अशा रीतीनें अथेन्सच्या तत्त्ववेत्त्याचा ख्रिस्ती लेख ग्रीक भाषेंत टिकला तो एका भारतीय कथेच्या आश्रयानें.

आतां उपवासाची ओळ. पंधराव्या प्रकरणांत ख्रिस्ती लोकांची राहणी वर्णिली आहे. त्यांच्यांत कोणी गरीब असला व त्यास देण्याजोगें त्यांच्यापाशीं कांहीं शिल्लक नसलें, तर ते दोन-तीन दिवस स्वतः उपवास करून त्याच्या अन्नाची सोय करतात, असा तिचा भावार्थ आहे. येथें वार नाहीं, विधि नाहीं, भाकर-पाण्याचा नियमहि नाहीं. भुकेलेला माणूस हेंच उपवासाचें निमित्त, व त्याचें पोट भरेपर्यंत मुदत.

ही ओळ सीरियन पाठांत आहे. कथेंतील ग्रीक पाठांत नाहीं. मग ती मागाहून घातलेली समजावी काय? आम्हांस तसें वाटत नाहीं. कथाकारानें हा लेख आपल्या सोईनें आंखडून घेतला आहे. या प्रकरणाच्या उत्तरभागाचा एक ग्रीक पपायरसाचा तुकडा ब्रिटिश म्यूझिअमच्या संग्रहांतून १९२३-२४ च्या सुमारास प्रसिद्ध झाला, व त्यावरून या भागांत सीरियन पाठाचा विस्तार मूळाशीं अधिक जुळतो असें ठरलें. सिनाईची पोथी न मिळती तर ही रीत आपणांस या ग्रंथांतून कधींच कळली नसती.

४

तिहींची साक्ष एकत्र ठेवली म्हणजे आरंभींच्या प्रश्नाचें उत्तर मिळतें. ‘डिडाखे’ वार सांगतो व दानाचा हिशेब सांगत नाहीं. हर्मास हिशेब सांगतो व वार सांगत नाहीं. अरिस्टायडीस दोन्ही सोडून केवळ भुकेल्याकडे पाहतो. पहिला ग्रंथ बहुधा सीरियाकडील, दुसरा रोमचा, तिसरा अथेन्सच्या लेखकाचा. आणि तिघेहि लिओच्या दोन-तीनशें वर्षें आधींचे. दान ही उपदेशकांची मागाहून लाविलेली पुस्ती असती तर ती दुसऱ्या शतकांत, इतक्या निरनिराळ्या ठिकाणीं, दिसली नसती. ‘प्रेषितांचे निर्बंध’ या संग्रहाच्या पांचव्या भागांत बुधवार-शुक्रवारचा नियम सांगून लागलीच, उपवासानें जें वांचेल तें गरजवंतास द्यावें, असें म्हटलें आहे. म्हणजे चवथ्या शतकाच्या अखेरीस दोन जुने ओघ एकत्र आले. लिओनें नवी गोष्ट सांगितली नाहीं. जुनी विसरूं दिली नाहीं.

ईस्टरपूर्वींचा चाळीस दिवसांचा मोठा उपवासकाळ यानंतर रूढ झाला. इ. स. ३२५ च्या नायसिया येथील सभेच्या पांचव्या नियमांत त्याचें नांव येतें. जसजसे दिवस वाढले तसतसा शरीराच्या शक्तीचा प्रश्न पुढें आला. पांचव्या शतकाच्या पूर्वार्धांत योहान कासिआन यानें गॉल प्रांतांतील मठांसाठीं इजिप्तमधील तपस्व्यांच्या रीति लिहून ठेविल्या. त्यांत तो म्हणतो कीं, सर्वांची शक्ति सारखी नसल्यामुळें उपवासाचा एकच नियम सर्वांस लावतां येत नाहीं. लांब उपवास करून मागून पोटभर खाण्यापेक्षां रोज बेतानें जेवणें बरें. इजिप्तमध्यें पाहुणा आला म्हणजे तपस्वी आपला रोजचा उपवास मोडीत व त्याच्याबरोबर जेवीत. ठरलेले बुधवार व शुक्रवार मात्र ते मोडीत नसत. उपवास नेहमींच आपल्याजवळ आहे, पाहुणा निघून जाईल, असा त्यावर एका वृद्धाचा खुलासा कासिआननें दिला आहे. ‘डिडाखे’मधील झेपेल तेवढें ही मर्यादा आणि अरिस्टायडीसचा भुकेला माणूस हीं दोन्हीं या रीतींत जागीं आहेत.

यावरून आमचें संग्राहकांस एवढेंच सांगणें आहे. वसई, साष्टी व गोवें या भागांतील जुन्या ख्रिस्ती घरांतून प्रार्थनांचीं व उपवासांचीं सुटीं पानें हातीं आल्यास तीं निकामी म्हणून टाकूं नयेत. आणि आपल्या व्रतांच्या पोथ्यांतहि वार व कथा टिपून थांबूं नये. वांचलेल्या अन्नाचें काय करावें याविषयीं एखादी ओळ असेल, समासांत दाणे, पैसे यांचा आंकडा असेल, तर तो अवश्य उतरून घ्यावा. नक्कल करणारा पान आंखडतो तेव्हां पहिली कात्री अशाच ओळीवर चालते, हें अरिस्टायडीसच्या ग्रीक पाठानें दाखवून दिलें आहे. आणि ती ओळ पुनः मिळण्यास दुसरी प्रत लागते, जी दर वेळीं सांपडतेच असें नाहीं.